घाटावरची थंडी आणि विजेची गाडी

डिसेंबर लागला, बुलढाण्यात पारा दहाच्या आसपास उतरला, की विजेची गाडी चालवणाऱ्याला एकच प्रश्न येतो : "थंडीत निम्मीच चालते म्हणे?" विचारणाऱ्याने मोबाइलवर शिकागो पाहिलेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये तिथे उणे वीसच्या आसपासच्या थंडीत चार्जरपाशी गाड्या ताटकळल्या होत्या. त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या दहा गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या, हे मात्र कुणी त्याला सांगितलेलं नसतं. आपल्या थंडीने गाडी निम्मी होत नाही. आपल्याकडे खरी गंमत आहे ती घाटाची.

बुलढाणा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर, मलकापूर त्याच्या निम्म्याहूनही खाली. पहाटेच्या रेल्वेसाठी पाहुण्यांना मलकापूर स्टेशनवर सोडायचं तर गाव संपता संपता राजूर घाट सुरू होतो. रात्रभर घरी प्लग लावलेला, पडद्यावर दिमाखात १००. काचेवरचं दव पुसायचं आणि निघायचं.

विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटी, जनित्रासारखी वागते. गाडी आपोआप रोखली जाते आणि वीज परत बॅटरीत जाते. दुपारी मोताळ्याकडे घाट उतरताना या गुणाची सवय झालेली असते. पहाटे पहिल्या वळणाच्या उतारावर पाय उचलावा, तर गाडी तशीच सुटते. पडद्यावर हिरवी पट्टी जेमतेम हलते आणि वीज परत घेणं मर्यादित केल्याची सूचना झळकते. पुढे कापसाचा भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत उतरत असतो, कठड्यावर माकडं अंग आखडून बसलेली असतात. अशा वेळी पायाला ब्रेक आठवावा लागतो. ब्रेक असतातच आणि उत्तम लागतात. सवय मोडलेली असते ती आपली.

याला कारणं दोन. पूर्ण भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते. दुसरं, लिथियम-आयन सेल थंड पडला की त्यातली रासायनिक हालचाल मंदावते. अशा सेलमध्ये वीज जोरात ढकलली तर ऋण बाजूवर धातुरूप लिथियमचा थर साचण्याचा धोका असतो. शून्याखाली तो फारच वाढतो. म्हणून गाडीचा संगणक दहा-बारा अंशांपासूनच हात आखडता घेतो.

नुकसान किती, तेही मांडून पाहा. माणसांसह पावणेदोन टनांची गाडी तीनशे मीटर उतरली तर हिशेबाने १.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली अर्ध्याहून जास्त परत मिळू शकते, म्हणजे सहा-सात किलोमीटरची सोय. ती ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जाते.

हीटरचं गणित याहून रोखठोक आहे. पेट्रोलच्या गाडीत हीटर फुकटात पडतो, कारण इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वायाच घालवत असतं. इथे ती ऊब बॅटरीतून विकत घ्यायची. दोन किलोवॅटचा हीटर तासभर चालला की दोन युनिटं, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर गेले. मागच्या सीटवरच्या मावशींना शाल दिलेली बरी. काचा मात्र धुरकटतात, तेव्हा थोडा वेळ एसी लावावाच लागतो; तिथे कंजुषी नको.

संध्याकाळी घाट चढून घरी आल्यावर पडद्यावरचा 'उरलेले किलोमीटर' आकडा केविलवाणा दिसतो आणि दोष थंडीला जातो. तो आकडा म्हणजे मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून काढलेला अंदाज. चढणीत खर्च जास्त, म्हणून अंदाज पडतो. मी त्याच्याकडे बघणं सोडलं आहे, टक्के बघतो. पहाटे टायरची हवाही बघावी. दुपारच्या तीस अंशांना भरलेली हवा पहाटे दोन-तीन पीएसआयने कमी भरते आणि गाडी जड चालते.

महामार्गावरच्या जलद चार्जरवर थंड बॅटरी सुरुवातीला वीज हळू घेते. चहा दोनदा होतो. बिघडलं काहीच नसतं.

घाटाखालच्या लोकांनी उन्हाळ्याची काळजी जास्त करावी. थंडीत घटलेली धाव फेब्रुवारी सरता सरता परत येते. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत, उन्हात भरलेल्या बॅटरीसह उभी ठेवलेली गाडी जे गमावते, ते परत येत नाही. आणि घाटावरच्यांनो, सकाळी घाट उतरायचा असेल तर रात्री चार्जिंगची मर्यादा ८५ वर लावा. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी मात्र अधूनमधून पूर्ण भरावी असं कंपन्या सांगतात. ते काम चिखलीकडे सपाटीने जायच्या दिवशी करा.