गाडी जाहीर होते, पण हाती का येत नाही?

टेस्लानं २१ नोव्हेंबर २०१९ रोजी लॉस एंजेलिसजवळ ‘सायबरट्रक’ हा विजेवर चालणारा पिकअप ट्रक पहिल्यांदा दाखवला, तेव्हा दोन वचनं दिली होती. उत्पादन २०२१च्या अखेरीस सुरू होईल आणि किंमत ३९,९०० डॉलरपासून असेल. शंभर डॉलर भरून नाव नोंदवता येत होतं. काही दिवसांतच दोन लाखांवर नोंदणी झाल्याचं कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जाहीर केलं. प्रत्यक्षात पहिले मोजके ट्रक ग्राहकांच्या हाती पडले ते ३० नोव्हेंबर २०२३ला, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या कारखान्यात. सर्वांत स्वस्त मॉडेलची किंमत तोवर ६०,९९० डॉलरवर गेली होती आणि त्यासाठी २०२५ उजाडायची वाट पाहायची होती.

रिव्हियन आणि फोर्ड यांच्या इलेक्ट्रिक पिकअपसाठीही ग्राहक ताटकळले. पण सगळ्यांच्या उशिराला एकाच मापानं मोजणं चूक आहे. काही उशीर कंपनीच्या उतावळ्या घोषणेतून येतो, काही नाइलाजाचा असतो आणि काही तर ग्राहकाच्या भल्याचा असतो.

रंगाआड लपायची सोय नाही

नमुन्याची गाडी कुशल कारागीर हातानं जुळवू शकतात. कारखान्यात मात्र तोच दरवाजा हजारो वेळा तसाच बसला पाहिजे. सायबरट्रकचं बाहेरचं अंग अतिशय कठीण स्टेनलेस स्टीलचं आहे. हा पत्रा नेहमीच्या प्रेसमध्ये दाबला तर प्रेसच मोडेल, असं मस्क यांनीच सुरुवातीला सांगितलं होतं. गाडीचा आकार इतका सपाट आणि कोनदार आहे, तो यामुळेच. म्हणजे पत्रा वाकवण्याची पद्धत नव्यानं बसवणं आलं. शिवाय अंगावर रंग नाही आणि कडा सरळसोट. दोन पत्र्यांमधली फट जराशी तिरकी झाली, तरी लांबूनही डोळ्यांत भरते. ऑगस्ट २०२३मध्ये मस्क यांनी कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवून प्रत्येक भाग १० मायक्रॉनच्या आत अचूक हवा असं बजावलं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या मागणीचा अंदाज यावा.

एवढा वेळ घेऊनही प्रश्न संपला नाही. छताच्या कडेची स्टीलची पट्टी चिकटवलेल्या जागेवरून सुटून पडू शकते, म्हणून मार्च २०२५मध्ये टेस्लाला ४६ हजारांहून अधिक सायबरट्रक दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले.

एका ट्रकला दोन गाड्यांची बॅटरी

पिकअप जड असतो, त्याला ओझंही ओढायचं असतं. म्हणून बॅटरी मोठी लागते. सायबरट्रकची सुमारे १२३ किलोवॉट-तास, फोर्ड लाइटनिंगच्या मोठ्या मॉडेलची १३१. साध्या इलेक्ट्रिक कारचं काम साठेक किलोवॉट-तासांत भागतं. सेलचा तुटवडा असला, की एका ट्रकच्या सेलमध्ये दोन गाड्या रस्त्यावर येतात. मग कंपनी ट्रकलाच मागं ठेवते.

टेस्लानं त्यात नव्या सेलचा घाट घातला. ४६ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर उंचीचा हा सेल सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झाला. नेहमीच्या पद्धतीत रसायनांची भुकटी द्रवात कालवून, डोशाच्या पिठासारखी धातूच्या पातळ पत्र्यावर पसरतात आणि लांबच लांब भट्ट्यांमधून वाळवतात. टेस्लाला ही भट्टीच काढून टाकायची होती : भुकटी कोरडीच दाबून पत्र्यावर बसवायची. त्यानं जागा, वीज आणि पैसा वाचतो. पण प्रयोगशाळेत जमलेला हा थर मोठ्या यंत्रावर, वेगात आणि सलग एकसारखा बसवायला कित्येक वर्षं गेली.

एका भागासाठी सगळी गाडी उभी

गाडीला हजारो सुटे भाग लागतात. त्यातला एक आला नाही तरी गाडी पुरी होत नाही. कोविडनंतर चिपचा दुष्काळ पडला. मस्क यांनी जानेवारी २०२२मध्ये सांगितलं, की यंदा नवं मॉडेल आणलं तर एकूण गाड्याच कमी बनतील. असलेल्या चिप चालू मॉडेलमध्ये घातल्या तर गाड्या लगेच विकल्या जातात. नव्या मॉडेलमध्ये त्या घडी बसेपर्यंत अडकतात. म्हणून सायबरट्रक आणखी मागं गेला.

रिव्हियनचा आर१टी हा पिकअप सप्टेंबर २०२१मध्ये इलिनॉयमधल्या नॉर्मल इथल्या कारखान्यातून बाहेर पडला, पण वर्षअखेरपर्यंत कंपनीच्या जेमतेम १,०१५ गाड्या तयार झाल्या. पुढच्या वर्षी ५० हजार गाड्या बनवण्याची क्षमता असूनही पुरवठ्यामुळे लक्ष्य २५ हजारांवर आणावं लागलं. २०२४मध्ये मोटरच्या एका घटकाच्या टंचाईनं पुन्हा ५७ हजारांचं लक्ष्य ४७ ते ४९ हजारांवर आलं. ही अडचण अमेरिकेपुरती नाही. एप्रिल २०२५मध्ये चीननं मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यातबंधनं घातली, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोलाही इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं.

थांबवलं ते बरंच झालं

४ फेब्रुवारी २०२३ला डिअरबॉर्नमध्ये फोर्डच्या आवारात, ग्राहकाकडे जाण्यापूर्वीच्या तपासणीदरम्यान एका लाइटनिंगच्या बॅटरीनं पेट घेतला आणि आग शेजारच्या गाड्यांपर्यंत पोचली. फोर्डनं उत्पादन थांबवलं. दोष सेलच्या निर्मितीत सापडला, आधीच बाहेर पडलेले १८ ट्रक परत बोलावले गेले आणि काम पुन्हा सुरू झालं १३ मार्चला. त्या पाच आठवड्यांत ग्राहकांची चिडचिड झाली असेल, पण तीच गाडी कुणाच्या घराखाली पेटली असती तर? असा उशीर करणाऱ्या कंपनीचं कौतुकच करायला हवं.

याउलट, कारखान्याची घडी बसण्याआधीच तारीख आणि किंमत सांगून पैसे घेणं चुकीचं आहे. रिव्हियननं मार्च २०२२मध्ये आधी नाव नोंदवलेल्यांनाही आर१टी सुमारे १७ टक्क्यांनी महाग केला. ग्राहक खवळल्यावर दोनच दिवसांत तो निर्णय मागं घ्यावा लागला. ग्राहकांनी आवाज उठवला म्हणूनच हे झालं.

तेव्हा कुठल्याही नव्या इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. दाखवलेली गाडी नमुना आहे, की असेंब्ली लाइनवर तयार झालेली? भरलेले पैसे पूर्ण परत मिळतील का? आणि आज सांगितलेली किंमत डिलिव्हरीच्या दिवशी तीच राहील, हे लेखी देणार का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तरच पैसे भरा.