लक्षण थांबले, कीड मात्र तशीच : संगणक-नेटवर्कमधील ‘रिकव्हरी’ सेटिंगचा धडा

लक्षण न दाखवणारी रोगवाहक वनस्पती कीटकशास्त्रज्ञाला अधिक चिंतेत टाकते. पिवळे पडलेले झाड शेतकरी उपटून टाकतो. परंतु वरून हिरवे दिसणारे आणि विषाणू बाळगणारे झाड शेतात तसेच उभे राहते व मावा किंवा पांढरी माशी त्यावरून रोग पसरवीत राहते. कीड-सर्वेक्षणाच्या नोंदी आणि पीक-सल्ला आज ज्या संगणकांवर अवलंबून आहेत, त्यांच्या बाबतीतही हेच घडू शकते. २००३ सालचा ‘ब्लास्टर’ वर्म हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

काय घडले?

विंडोजमधील रिमोट प्रोसीजर कॉल, अर्थात आरपीसी, या सेवेत एक गंभीर त्रुटी होती. मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी तिचा पॅच उपलब्ध करून दिला. ११ ऑगस्ट रोजी, म्हणजे अवघ्या २६ दिवसांनी, ब्लास्टर पसरू लागला. पॅच न बसवलेल्या संगणकांवर तो पोर्ट १३५ मधून हल्ला करी. त्या आघाताने आरपीसी सेवा कोसळे, पडद्यावर ६० सेकंदांची उलटी गणती दिसे आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होई. परिणामी पॅच उतरवून घेण्यापुरताही वेळ मिळत नसे.

रिकव्हरी सेटिंगचे कार्य

एखादी सेवा कोसळल्यास काय करावे, हे विंडोजमध्ये आधीच ठरवलेले असते : काहीही न करणे, सेवा पुन्हा सुरू करणे, एखादा प्रोग्रॅम चालवणे किंवा संपूर्ण संगणक पुन्हा सुरू करणे. पहिल्या, दुसऱ्या आणि त्यापुढील अपयशांसाठी हा पर्याय स्वतंत्रपणे निवडता येतो. विंडोज एक्सपीमध्ये आरपीसीसाठी शेवटचा पर्याय निश्चित केलेला होता. तो बदलून ‘सेवा पुन्हा सुरू करा’ असा केल्यास उलटी गणती थांबे व दुरुस्तीस अवधी मिळे. अनेक संगणकांवर हा बदल हाताने करणे जिकिरीचे असल्याने ‘एससी’ ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये घालून, संगणकांच्या यादीनुसार तो नेटवर्कवरून करता येत असे.

उपायाच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी, की दूरच्या संगणकावर ही आज्ञा आरपीसीमार्फतच पोहोचते. जिथे ती सेवा आधीच कोसळली आहे, तिथे स्क्रिप्ट निष्फळ ठरू शकते; मग त्या संगणकापाशी प्रत्यक्षच जावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सेटिंग बदलल्याने त्रुटी बुजत नाही. वर्म शिरलेला संगणक आता शांत दिसतो, परंतु शेजारच्या संगणकांवर हल्ला करीतच राहतो. सतत बंद पडणे हे एकमेव ठळक लक्षण होते; तेच आपण पुसून टाकलेले असते. शंभर संगणकांवर स्क्रिप्ट चालवून काम तिथेच थांबवणे म्हणजे शंभर लक्षणहीन वाहक तयार करणे होय.

योग्य क्रम

१. प्रथम विलगीकरण करावे : फायरवॉल चालू करावी किंवा नेटवर्कची केबल काढावी.

२. स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी प्रत्येक संगणकाची मूळ सेटिंग नोंदवून ठेवावी. बदल केवळ बाधित सेवेपुरता असावा.

३. निरोगी संगणकावर उतरवलेला पॅच सीडी वा पेनड्राइव्हने न्यावा, तो बसवावा व वर्म काढून टाकावा.

४. इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी पाहाव्यात. सेवा पुन्हा पुन्हा कोसळत असल्यास बाधा कायम आहे असे समजावे.

५. खात्री झाल्यावर मूळ सेटिंग पूर्ववत करावी. ही पायरी बहुधा विसरली जाते.

ब्लास्टरपाठोपाठ ऑगस्ट २००३ मध्येच ‘वेल्चिया’ नावाचा वर्म आला. तो ब्लास्टर काढून पॅच बसवू पाही. पण त्याने निर्माण केलेल्या वाहतुकीने अनेक नेटवर्क ठप्प झाली. चाचणी न करता सोडलेला ‘मित्रकीटक’ही उपद्रवी ठरू शकतो, याचेच हे उदाहरण.

सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा किंवा डेटा लॉगर जुन्या प्रणालीवरच चालतो, म्हणून अनेक ठिकाणी असे संगणक आजही वापरात असतात. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. अशा संगणकास पॅचची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यास नेटवर्कपासून कायमचे अलग ठेवावे व नोंदींची प्रत नियमितपणे अन्यत्र जतन करावी. रिकव्हरी सेटिंगने केवळ वेळ मिळतो. त्या वेळात मूळ दोष दूर झाला, तरच ती उपयोगी ठरते.