कर्मचाऱ्यांचा आत्मसन्मान आणि कामाच्या ठिकाणच्या तक्रारी

कर्मचाऱ्यांचा आत्मसन्मान आणि त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या तक्रारी यांचा परस्परसंबंध हा संघटनात्मक मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. व्यक्तीने स्वतःच्या योग्यतेचे केलेले एकूण मूल्यमापन म्हणजे आत्मसन्मान, तर असमाधान शब्दांत व्यक्त करणे म्हणजे तक्रार. आत्मसन्मान कमी असलेली व्यक्ती अधिक तक्रारी करते, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात हा संबंध इतका सरळ नाही. तक्रारी किती झाल्या याइतकेच त्या कोणाजवळ आणि कोणत्या रूपात झाल्या, हेही महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून २०,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. पुढे कामगाराला मनमोकळेपणाने बोलू देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी १९३९ मध्ये या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यंत्र बिघडल्याची तक्रार पडताळून पाहता येते. परंतु अन्याय होत असल्याच्या तक्रारीमागे कामगाराच्या भावना आणि कारखान्यातील त्याचे स्थानही असते, असे त्यांनी दाखवून दिले.

आत्मसन्मानाचे मोजमाप

मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये मांडलेली १० विधानांची मापनश्रेणी सर्वसाधारण आत्मसन्मान मोजण्यासाठी आजही वापरली जाते. १९८९ मध्ये जॉन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संघटनाधिष्ठित आत्मसन्मान’ ही संकल्पना व तिची स्वतंत्र मापनश्रेणी मांडली. या संस्थेत आपल्याला महत्त्व आहे आणि आपले म्हणणे गांभीर्याने घेतले जाते, असे कर्मचाऱ्याला कितपत वाटते, हे तिच्याद्वारे मोजले जाते. घरी किंवा समाजात आत्मविश्वासाने वावरणाऱ्या व्यक्तीचा हा आत्मसन्मान कार्यालयात कमी असू शकतो.

असमाधानाची रूपे

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये असमाधानाला मिळणारे दोन प्रतिसाद वर्णिले : संस्था सोडून जाणे आणि आवाज उठवणे. यांपैकी कोणता मार्ग निवडला जाईल यावर निष्ठेचा प्रभाव पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील अभ्यासकांनी यात कामाकडे दुर्लक्ष करणे या प्रतिसादाची भर घातली. मानसशास्त्रज्ञ रॉबिन कोवाल्स्की यांनी १९९६ मध्ये असमाधान वाटणे आणि ते बोलून दाखवणे यांत भेद केला. त्यामुळे मनात नाराजी असूनही एखादी व्यक्ती गप्प राहू शकते, तर दुसरी केवळ सहानुभूती मिळवण्यासाठी तक्रार करू शकते. वरिष्ठांकडे उपायाच्या अपेक्षेने मांडलेले गाऱ्हाणे आणि सहकाऱ्यांमध्ये चाललेली कुरकुर यांतही असाच फरक करावा लागतो.

परस्परसंबंध

जेफ्री लपाइन आणि लिन व्हॅन डाइन यांनी १९९८ मध्ये ९५ कार्यगटांतील ४४१ कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा विषय केवळ तक्रार नसून सुधारणेसाठी मत मांडणे हा होता. गटाचा आकार आणि गटाला असलेली स्वायत्तता यांसारखी परिस्थिती अनुकूल असेल, तर कमी आत्मसन्मान असलेल्या कर्मचाऱ्यांवर तिचा प्रभाव अधिक पडतो, असे त्यात आढळले. म्हणजेच त्यांचे मौन हा केवळ स्वभावाचा भाग नसतो. ते भोवतालच्या परिस्थितीवरही अवलंबून असते.

हा संबंध दुहेरी असू शकतो. आपल्या बोलण्याला किंमत आहे असे वाटणारी व्यक्ती तक्रार उघडपणे मांडू शकते. तिची दखल घेतली गेली, तर ती भावना दृढ होते. वारंवार दुर्लक्ष झाल्यास मात्र बोलणे व्यर्थ वाटू लागते. म्हणून तक्रारींची संख्या कमी असणे हा कर्मचारी समाधानी असल्याचा पुरावा ठरत नाही.

भारतातील तरतूद

भारतात औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीने २० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांत तक्रार निवारण समिती बंधनकारक केली. तिच्यात मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद होती. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही अशा समितीची तरतूद आहे. अशा समितीमुळे तक्रारीला अधिकृत वाट मिळते. परंतु त्या वाटेने जाण्याचे धैर्य कर्मचाऱ्याला होईल की नाही, हे आपली दखल घेतली जाईल या त्याच्या विश्वासावरही अवलंबून असते.