कट्ट्यावरचे नाव कोणाचे?

रायपूरच्या राइस मिलमधून निघणाऱ्या तांदळाच्या कट्ट्यावर बहुधा दोन नावे छापलेली असतात. एक गिरणीवाल्याची छाप, दुसरे आतल्या तांदळाचे: दुबराज, जीराफूल, विष्णुभोग, एचएमटी. पहिल्या नावावर मालकी सांगता येते आणि ट्रेडमार्क अधिनियम, 1999 खाली ती नोंदवताही येते. दुसरे नाव कोणा एका गिरणीचे होत नाही. या दोहोंची गल्लत झाली की अर्ज अडतो.

मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी कलम 9 मुळे सहसा होत नाही. ‘सुगंधी’, ‘उत्तम’, ‘छत्तीसगढी’ हे शब्द शेजारच्या गिरणीलाही लागतातच. देवाधर्माच्या नावांबाबतही जपून राहावे लागते. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्या व्यापाऱ्याच्या ताब्यात देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नकार दिला. महामाया, दंतेश्वरी, बम्लेश्वरी ही नावे जिथे लोकांच्या तोंडी आहेत, त्या मुलखात हा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बळकट नाव म्हणजे मालाशी काडीचाही संबंध नसलेले. व्यापाऱ्यांना हे सहसा पटत नाही. नावातूनच माल कळावा या हौसेपोटी ते नेमके दुबळे नाव निवडतात.

पण भलत्या क्षेत्रातून उचललेले नावही हातचे सुटू शकते. एचएमटी तांदळाची कहाणी त्यासाठी सविस्तर सांगायला हवी. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास ‘पटेल 3’ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी राखून ठेवले, वर्षामागून वर्षे निवडून पेरले आणि बारीक दाण्याचा, शिजल्यावर चवीला उतरणारा भात सिद्ध केला. तो बाजारात गेला तेव्हा बिननावाचा होता. त्या दिवसांत एचएमटीची घड्याळे घरोघर मानाची होती. व्यापाऱ्याने तेच नाव तांदळाला चिकटवले. विदर्भातून हा वाण छत्तीसगढसह अनेक राज्यांत पसरला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. खोब्रागडे यांचा राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने गौरव केला. 3 जून 2018 रोजी त्यांचे निधन झाले. तांदूळ देशभर गेला, निर्मात्याच्या पदरी मात्र स्वामित्वधन पडले नाही.

नोंदणीच्या हिशेबात घड्याळे वर्ग 14 मध्ये येतात, तांदूळ वर्ग 30 मध्ये. घड्याळाच्या पेठेत एचएमटी हा एका सरकारी कंपनीचा मार्का राहिला; तांदळाच्या पेठेत ते एका प्रकारच्या दाण्याचे नाव होऊन बसले. आज कोणत्याही गिरणीला ते कट्ट्यावर छापता येते, आणि म्हणूनच कोणत्याही गिरणीला ते आपले म्हणता येत नाही. सगळेच वापरू लागले आणि वेळीच कोणी अडवले नाही, की नाव असे सार्वजनिक होते.

दुबराजचे उत्तर वेगळे आहे. धमतरी जिल्ह्यातील नगरी-सिहावा भागातला हा सुवासिक तांदूळ. ‘नगरी दुबराज’ला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते मिळवले बगरुमनालाच्या महिलांच्या ‘माँ दुर्गा’ स्वयंसहायता समूहाने. सरगुजाच्या जीराफूलला ते 2019 मध्येच लाभले होते. भौगोलिक मानांकनाचा कायदाही 1999 चाच. त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे. मानांकन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. त्या भागाबाहेरच्या, लोकांची दिशाभूल करणाऱ्या मालासाठी कोणी तेच नाव ट्रेडमार्क म्हणून मागितले, तर ते नाकारण्याची तरतूद कलम 25 मध्ये आहे. रायपूरच्या गिरणीने स्वतःची छाप स्वतःच्या नावे नोंदवावी, तांदूळ खरोखर नगरीचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालून दुबराज लिहावे, हाच सरळ मार्ग. वाडा कोलम किंवा आजरा घनसाळ विकणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

तांदळाच्या नावांबाबत हा मुलूख हळवा आहे, आणि त्याला कारण आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गोळा केलेल्या हजारो वाणांचा ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. 2002 मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाच्या सहकार्याची बोलणी सुरू असल्याचे कळताच लोक रस्त्यावर आले आणि कंपनीने माघार घेतली. तो प्रश्न ट्रेडमार्कचा नव्हता, पण वारशावर कोणी हक्क सांगायचा, हाच होता.

ट्रेडमार्क नोंदणीची रीत थोडक्यात अशी. छत्तीसगढ मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येते. हे कार्यालय अँटॉप हिलला आहे, अर्ज मात्र ऑनलाइन जातो. आधी सरकारी संकेतस्थळावर सारखी नावे शोधावीत, मग टीएम-ए हा अर्ज भरावा. व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांना दर वर्गामागे 4,500 रुपये, इतरांना 9,000. परीक्षकाच्या हरकतीला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते; नंतर चिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नावापुढे फक्त ‘टीएम’ लिहावे. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीनंतरच.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. कलम 34 आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात समोरच्याकडे नोंदणी असूनही सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दुकानाचा हक्क वरचढ ठरवला. पुण्यात 1992 पासून चालणाऱ्या ‘बर्गर किंग’ उपाहारगृहावर अमेरिकन कंपनीने 2011 मध्ये दावा लावला. कंपनीचे भारतातले पहिले दुकान 2014 चे. जिल्हा न्यायालयाने 2024 मध्ये दावा फेटाळला. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास मनाई केली होती. पहिल्या दिवसाची बिले, जाहिराती, बारदानाच्या छपाईच्या पावत्या जपून ठेवणारा अशा लढाईत निम्मी बाजी आधीच मारतो.

नक्कल ओळखायची कसोटीही न्यायालयांनी ठरवली आहे: दोन नावे शेजारी ठेवून तुलना करायची नाही, सामान्य गिऱ्हाइकाच्या अर्धवट आठवणीत ती मिसळतात का ते पाहायचे. 1962 च्या ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ खटल्यात दोन्ही नावांत फसवे साम्य असल्याचे ठरले. तरीही अमृतधारावाले बराच काळ गप्प राहिले, म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. नक्कल दिसताच नोटीस धाडणे म्हणूनच महत्त्वाचे.

नोंदणीधारकाला कलम 134 प्रमाणे आपण व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. बनावट छापेचा माल जप्त करायचा तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो, आणि त्याला आधी ट्रेडमार्क निबंधकाचे मत घ्यावे लागते. नोंदवलेले नाव सलग पाच वर्षे वापरलेच नाही, तर ते काढून टाकण्याचा अर्ज कोणीही हितसंबंधी करू शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते. नूतनीकरण चुकल्यास सहा महिने अधिभार भरून, आणि मुदत संपल्यापासून एका वर्षापर्यंत पुनःस्थापनेचा अर्ज करून नाव वाचवता येते. त्यानंतर नव्याने अर्ज करावा लागतो.