रुळांवरचा कॅमेरा

जुन्या ट्रामचा व्हिडिओ कुणी पाठवला की मी आधी त्याचा आवाज बंद करते. त्यातली घंटा खोटी असते, घोड्यांच्या टापा खोट्या असतात आणि गर्दीचा गलका तर हमखास दुसऱ्याच कुठल्या तरी बाजारातला असतो. १९०६ सालचा कॅमेरा मुका होता, त्यामुळे ठणठण ऐकू आली की समजायचं, ती कुणीतरी हल्ली आणून चिकटवली आहे. माझं आयुष्य माहितीपटांच्या संकलनात गेलं. असला चिकटवाचिकटवीचा उद्योग पोटासाठी मीही भरपूर केला आहे, म्हणून जोड कुठे आहे ते चटकन दिसतं.

तरीही हे व्हिडिओ मी बघते, आवडीनं बघते. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एखादा येतोच. वर 'आपली जुनी मुंबई', खाली जोडलेले हात आणि डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. पाठवणाऱ्याचं वय बघावं तर ट्राम बंद झाली तेव्हा स्वारी जन्मालाही आलेली नव्हती. मीही नव्हते. ज्या गाडीत कधी पाय ठेवला नाही तिच्यासाठी एवढा जीव का कळवळतो? मला वाटतं, त्याचं उत्तर त्या फिल्मांतच आहे, फक्त त्या जरा निरखून बघाव्या लागतात.

या सगळ्यांत गाजलेली फिल्म सॅन फ्रान्सिस्कोची, 'अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट'. माइल्स बंधूंनी एका केबल कारच्या पुढच्या अंगाला कॅमेरा बसवला, हँडल फिरवायला घेतलं आणि मार्केट स्ट्रीटवरून थेट धक्क्यावरच्या फेरी बिल्डिंगपर्यंत गेले. केबल कार म्हणजे रस्त्याच्या पोटातून सतत सरकत राहणारा पोलादी दोर पकडून चालणारी गाडी. वेग ठरलेला आणि चाल सरळ, त्यामुळे कॅमेऱ्याला याहून चांगलं वाहन मिळणं कठीण. तेरा-एक मिनिटं आपण त्या रस्त्यावरून नुसते पुढे पुढे जात राहतो. इथे संकलकाला करण्यासारखं काही नाही, आणि बहुधा म्हणूनच ही फिल्म मला इतकी प्रिय आहे.

तिच्यात घोडागाड्या आहेत, सायकलवाले आहेत, हुड नसलेल्या मोटारी आहेत. ना सिग्नल, ना रस्त्यावर आखलेला पट्टा. पण माझी नजर पायी चालणाऱ्यांवर खिळते. लांब कोट घातलेला एक गृहस्थ आपल्या गाडीच्या अगदी समोरून रूळ ओलांडतो. धावत नाही, दचकत नाही, गाडीकडे धड बघतही नाही. झगा सावरत बायका भर रस्त्यात उभ्या राहतात, गाडी जाऊ देतात आणि पुढे निघतात. पोरं कॅमेऱ्यासमोर मुद्दाम पळतात, मागे वळून हसतात. आज हमरस्त्याच्या मधोमध असं कुणी उभं राहिलं तर चारी बाजूंनी हॉर्न वाजतील.

आता यातली गंमत. फिल्मभर मोटारीच मोटारी दिसतात, म्हणजे शहर किती पुढारलेलं! पण दोन-तीनदा बघितलं की लक्षात येतं, त्याच त्या मोटारी पुन्हा पुन्हा येत आहेत. कॅमेऱ्यासमोरून गेल्या, वळसा घातला आणि परत हजर. म्हणजे हा अस्सल रस्ताही थोडा सजवलेला आहे. लग्नाच्या व्हिडिओत एकच काका तीन वेळा पंगतीत बसलेले दिसतात, तसंच हे.

या फिल्मची तारीख ठरली ती गोष्ट तर एखाद्या पोलिसी तपासासारखी वाचावी. ती १९०५ च्या सप्टेंबरातली आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. मूकपटांचे अभ्यासक डेव्हिड कीन यांना त्यात रस्त्यावर साचलेलं पाणी दिसलं. पण त्या सप्टेंबरातल्या हवामानाच्या नोंदींत तर पाऊसच नव्हता. मग त्यांनी मोटारींच्या नंबरप्लेटा वाचल्या, नोंदणीची दफ्तरं धुंडाळली, तेव्हा एक गाडी १९०६ च्या सुरुवातीला नोंदलेली निघाली. धागा जुळत जुळत तारीख येऊन थांबली १९०६ च्या एप्रिलमध्ये, भूकंपाच्या अवघ्या काही दिवस आधी. १८ एप्रिलच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास शहर हादरलं, मागोमाग आगी लागल्या आणि फिल्ममधल्या बहुतेक इमारती गेल्या. माइल्स बंधूंचं स्वतःचं काम चालायचं ती जागाही गेली. फिल्म तेवढी वाचली, कारण आदल्याच रात्री ती गाडीनं न्यूयॉर्ककडे रवाना झाली होती. हे कळल्यावर तो कोटवाला गृहस्थ मला पुन्हा पहिल्यासारखा बघता आलेला नाही.

आता कारागिरीबद्दल थोडं, कारण याबाबत लोक सर्रास फसतात. जुन्या फिल्मांत माणसं टुणटुण चालतात, म्हणून त्या काळचे लोक चपळ होते असं नव्हे. हातानं हँडल फिरवून सेकंदाला साधारण सोळा चित्रं टिपली जायची आणि पुढे ती चोवीसच्या वेगानं दाखवली गेली. म्हणजे सगळं दीडपट भरधाव. हल्ली संगणक मधली चित्रं स्वतः रचून घालतो आणि चाल नैसर्गिक करून देतो. याला माझी हरकत नाही, बघायला बरं पडतं. हरकत आहे ती रंगाला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ कळतच नसे. निळं पांढुरकं व्हायचं, लाल काळं पडायचं. म्हणून जुन्या फिल्मांतलं आभाळ कोरं असतं. काळी दिसणारी गाडी लाल होती, गडद हिरवी होती की खरोखरच काळी, हे त्या पट्टीवर कुठेच नोंदलेलं नाही. मग संगणक अंदाज करतो आणि आपण तो 'खरा रंग' म्हणून पुढे पाठवतो.

इंग्लंडात मिचेल आणि केन्यन या जोडगोळीचा तर धंदाच असला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ते गावोगावी जायचे, ट्रामवरून रस्ते टिपायचे, गिरणी सुटताना फाटकाशी कॅमेरा लावायचे, आणि 'या, स्वतःला पडद्यावर बघा' म्हणून त्याच लोकांना तिकीट काढून बोलवायचे. १९९४ साली ब्लॅकबर्नमधल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात पत्र्याच्या पिंपांत भरलेली शेकडो रिळं सापडली आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ती जतन केली. त्यांतली माणसं कॅमेऱ्याकडे टक लावून बघतात, टोपी हलवतात, कोपरानं शेजाऱ्याला ढोसतात. संध्याकाळी आपलंच तोंड दिसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे यायचं तर मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, कुलाबा ते पायधुणी. १९०७ च्या मे महिन्यात विजेची आली, १९२० मध्ये दुमजली. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला दाखवली गेली तेव्हा शहरात घोडे ट्राम ओढत होते. तो खेळ बघून आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, इतके भारावले की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला, हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि पुढे रँग्लर परांजप्यांचं स्वागतही. या माणसानं एकदा, फक्त एकदा, कॅमेरा घेऊन ट्रामच्या पुढच्या बाकावर बसायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

माझे वडील मात्र ट्रामनं पुष्कळ फिरले. परळहून फोर्टात नोकरीला जायचे. त्यांना ट्रामचं काडीचंही कौतुक नव्हतं. मी कुठेही उशिरा पोचले की ते विचारायचे, "ट्रामनं आलीस काय?" त्यांचं म्हणणं असं की लालबागला एक ट्राम बंद पडली की तिच्यामागे ट्रामची माळ लागायची, बसलेले लोक निमूट उतरून चालू लागायचे, आणि कंडक्टर दाराशी उभा राहून विडी ओढायचा. शेवटच्या ठाण्यावर दोरीनं वरचा दांडा फिरवून पलीकडच्या तारेला लावायचा सोहळा तेवढा ते रंगवून सांगत. दांडा अंधारात तारेवर बसता बसेना की ठिणग्या उडायच्या आणि चाळीतली पोरं टाळ्या पिटायची.

वडिलांची तक्रार आणि मार्केट स्ट्रीटवरचा तो निवांत गृहस्थ, या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ट्राम वळत नाही. ती कुठून जाणार हे रुळांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला अंग चोरावं लागत नाही, हातभर बाजूला सरकलं की झालं. फिल्म बघताना आपल्याला जो निवांतपणा जाणवतो तो इथून येतो. गाडी मोठी आहे, जड आहे, पण ती अचानक आपल्या अंगावर येणार नाही याची रस्त्यावरच्या प्रत्येकाला खात्री आहे. आणि याच गुणानं तिचा घात केला. मोटारी वाढल्या तशी न वळणारी गाडी अडचण वाटू लागली. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना मोटारींतून वाट काढायची पाळी आली. एक बिघडली की सगळ्यांचा खोळंबा. बस मात्र वळसा घालून निघून जायची. तोटा वाढला, पन्नासच्या दशकात एकेक मार्ग बंद होऊ लागला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहाला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती म्हणतात. त्यांतले निम्मे तरी वडिलांसारखे रोज कुरकुरणारे असणार.

योगायोग बघा, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ चंच. ट्राम बंद पडत होती तेव्हा जुनी रिळं सांभाळणारी जागा नुकतीच उघडली होती.

आता मुंबईत ट्राम शोधायची तर दादर टीटी आणि परळ टीटी या नावांत सापडते. ते टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात प्रतिकृती नि तिकिटं आहेत. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या परिसराचं काम चालू असताना खोदकामात जुने रूळ लागले, तेव्हा ते बघायला नोकरदार माणसंही डबा हातात घेऊन उभी राहिली. कोलकात्यात ट्राम १८७३ पासूनची. तिथे २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढाच टप्पा वारसा म्हणून ठेवू. त्या शहराची ट्राम बघायची असेल तर सत्यजित राय यांच्या 'महानगर'ची सुरुवात बघा. श्रेयनामावली चालू असताना पडद्यावर ट्रामचा दांडा तारेवरून घासत जात राहतो, बाकी काही नाही. अख्खं शहर त्या एका दांड्यावर उभं केलंय. संकलक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

मध्यंतरी एक सद्गृहस्थ माझ्याकडे रीळ घेऊन आले. आजोबांनी मुंबईची शेवटची ट्राम टिपली आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणाले. मी डबी उघडली, पट्टी उजेडात धरली. कडेची भोकं बारीक होती, म्हणजे सुपर ८. ही फिल्म बाजारात आली १९६५ मध्ये, त्यामुळे तिच्यावर मुंबईची चालती ट्राम असणं शक्यच नव्हतं. शिवाय शेवटची ट्राम सुटली रात्री दहाला, आणि त्या काळच्या घरगुती फिल्मवर रस्त्यावरची रात्र म्हणजे निव्वळ काळोख. भिंगाखाली बघितलं तर ट्राम होती खरी, लख्ख उन्हातली, आणि मागच्या दुकानांच्या पाट्या बंगालीत. आजोबा कोलकात्याला गेले होते का, विचारलं. "कामानिमित्त जायचे," ते म्हणाले, आणि बराच वेळ भिंगातून बघत बसले.

तेव्हा तुमच्या माळ्यावर रीळ असेल तर आधी भोकं बघा. प्रत्येक चौकटीच्या सांध्यापाशी मोठं भोक असेल तर ती जुनी ८ मिमी, आणि मग आशेला जागा आहे. डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, उशीर करू नका. पण उत्साहाच्या भरात जुन्या प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका, कारण आकसलेली पट्टी दात्यांत अडकून फाटते. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि स्कॅन करणाऱ्याकडे द्या. डबीवर काही लिहिलेलं असेल तर डबीही सोबत द्या. तारीख पुष्कळदा तिथेच पेन्सिलीनं लिहिलेली असते, आणि लोक नेमकी डबीच फेकून देतात.