दोर लांबतो, दोर आखडतो

खळ्यात तिवड्याभोवती मळणीची पात फिरताना तुम्ही पाहिली असेल. बैल नेमका कुठं आहे, हे सांगायला दोनच गोष्टी पुरतात: तिवड्यापासून दोर किती लांब आणि कुठल्या दिशेला ताणलेला. गणितातली सदिश त्रिज्या म्हणजे तरी दुसरं काय, मधल्या खुणेपासून वस्तूपर्यंत ओढलेली अशीच एक रेघ! आकाशात तिवड्याच्या जागी सूर्य, बैलाच्या जागी ग्रह. फक्त तिथला दोर मोठा लहरी, कधी आखडतो, कधी लांबतो. आपल्या पृथ्वीचाच बघा ना, जानेवारीत आपण शेकोटीला हात शेकत बसतो तेव्हा तो १४ कोटी ७१ लाख किलोमीटरच्या आसपास असतो आणि जुलैत, ऐन पावसात, १५ कोटी २१ लाखांवर जातो. थंडीत सूर्य जवळ! ऋतू पृथ्वीच्या कललेल्या आसामुळं होतात, दोराला त्यात फारसं कुणी विचारत नाही.

या लहरीपणातली शिस्त शोधली योहानेस केप्लरनं. देवीच्या आजारानं लहानपणीच नजर अधू झालेली, तेव्हा हा गडी आकाश बघणार ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी. १६०० साली तो प्रागला टायको ब्राहेकडं गेला. टायकोनं दुर्बिणीशिवाय वर्षानुवर्षं ग्रहांची टिपणं करून ठेवली होती. तिथं मंगळाचं कोडं केप्लरच्या गळ्यात पडलं आणि पुढच्याच वर्षी टायको वारला. वर्तुळांची जुळणी करता करता ८ कलांचा फरक उरला, पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम पाव रुंदीइतका. दुसऱ्या कुणी 'चालतंय की' म्हणून वही मिटली असती, पण याचा टायकोच्या टिपणांवर भलता विश्वास. मांडलेलं सगळं मोडून तो पुन्हा आकडेमोडीला बसला. १६०९ च्या ग्रंथात उत्तर आलं: ग्रह लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्यापासून त्याच्यापर्यंतची रेघ सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ आक्रमते. दोर आखूड झाला, की ग्रहानं पाय उचललेच पाहिजेत.

म्हणून तर मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत पृथ्वीला सुमारे १८६ दिवस लागतात, आणि उरलेली अर्धी फेरी १७९ दिवसांतच उरकते.

हॅलेचा धूमकेतू तर या बाबतीत अगदी टोकाचा. सूर्याजवळ सेकंदाला ५४ किलोमीटर धावणारा हा पठ्ठ्या नेपच्यूनपलीकडं गेला, की सेकंदाला एक किलोमीटरही धड चालत नाही. २०२३ च्या डिसेंबरात तो तिकडून माघारी वळला. सूर्यापाशी पोचेल २०६१ च्या जुलैत.