तरुण काउबॉयचा अपमृत्यू

अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपले तेव्हा टेक्सासच्या माळांवर लाखो लांबशिंगी गुरे मोकाट हिंडत होती. तिथे चारेक डॉलरना मिळणाऱ्या बैलाचे उत्तरेच्या बाजारात चाळीसपर्यंत येत. 1867 मध्ये कॅन्ससमधील अ‍ॅबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचा बाजार उभा राहिला आणि पुढची सुमारे वीस वर्षे टेक्सासचे कळप शेकडो मैल पायी उत्तरेकडे हाकले गेले. अडीच हजार गुरांमागे दहा-बारा माणसे असत. त्यांतली बहुतेक विशीच्या आतबाहेरची. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकनही त्यांत पुष्कळ. महिन्याचा पगार तीस-चाळीस डॉलर. चित्रपटांतला काउबॉय गोळी लागून मरतो. खऱ्या काउबॉयचा काळ बहुधा घोडा, नदी नाहीतर वीज यांच्या रूपाने येई.

सर्वांत मोठी धास्ती रात्री कळप उधळण्याची. विजेचा कडकडाट, एखाद्या भांड्याचा आवाज, एवढेही पुरे होई. मग पहारेकऱ्याने अंधारात घोडा पिटाळून कळपाच्या तोंडाशी पोहोचायचे आणि त्याला वळवत वळवत गोल फिरवायचे. खालची जमीन प्रेअरी डॉग नावाच्या प्राण्यांच्या बिळांनी पोखरलेली. घोड्याचा पाय बिळात गेला की दोघेही मागून येणाऱ्या खुरांखाली.

एडवर्ड अ‍ॅबट, ऊर्फ टेडी ब्लू, या काउबॉयने आपल्या आठवणींत 1876 मधील अशी एक रात्र सांगितली आहे. ब्लू नदीच्या परिसरात वादळात कळप उधळला आणि सकाळी एक सोबती कमी भरला. तो बिळांच्या माळावर, घोड्याशेजारी सापडला; ओळख पटण्याजोगी उरली होती फक्त पिस्तुलाची मूठ. टेक्सासमधील त्याच्या घरच्यांना कळवण्यात आले की वीज पडून गेला. लिहिणाऱ्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, पण मुलगा तुडवला गेला हे त्याच्या माणसांना कोणत्या शब्दांत लिहायचे? त्यानंतर कळप धावत असताना प्रत्येकाने गात राहावे, असा हुकूम झाला. आवाज येतोय तोवर गडी खोगिरावर आहे, हे इतरांना कळावे म्हणून.

दिवसाही धोका सुटत नसे. घोडा बुजला आणि पडणाऱ्याचा पाय रिकिबीत अडकला, तर तो मैलभर फरफटत जाई. काउबॉयच्या बुटाची उंच टाच पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये यासाठीच होती. रेड नदीसारख्या नद्या पुराच्या पाण्यात ओलांडाव्या लागत, आणि अनेकांना पोहता येत नसे. उघड्या माळावर वादळात घोडेस्वार हाच सर्वांत उंच. म्हणून विजेच्या भीतीने काही जण बुटांचे काटे आणि पिस्तुले काढून दूर टाकत. गुरांच्या शिंगांवर निळसर ज्योती दिसल्याच्या हकिकतीही आहेत.

मेलेल्याला बहुधा तिथेच, स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून पुरत. लांडग्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचत. शवपेटी नाही, पाद्री नाही. दुसऱ्या दिवशी कळप पुढे निघे. एकाकी माळावर पुरू नका अशी विनवणी करणारे काउबॉयचे प्रसिद्ध गाणे मुळात समुद्रात दफन होण्याच्या भीतीचे होते. खलाशांची ती भीती गुराख्यांनी सहज आपलीशी केली, यात नवल नाही.

काटेरी तारांची कुंपणे, नवे रेल्वेमार्ग आणि 1886-87 चा भीषण हिवाळा यांनी ते युग संपवले. रँचवरचे अपघात मात्र चालूच राहिले. मोंटानातील काउबॉय डी. जे. ओमॅली याने घोडा अंगावर पडून मेलेल्या चार्ली रटलेजवर कविता लिहिली. तिला पुढे चार्ल्स आइव्ह्ज या संगीतकाराने चाल दिली. ओमॅलीचीच दुसरी कविता 1893 मध्ये माइल्स सिटीच्या पशुपालकांच्या नियतकालिकात छापून आली. हंगाम संपला की आईला भेटायला घरी जायचे ठरवलेला तरुण त्या रात्रीच उधळलेल्या कळपापुढे मरतो, अशी तिची कथा आहे. 1925 मध्ये कार्ल स्प्रेगने ती गाऊन ध्वनिमुद्रित केली, आणि तिच्या तबकड्या लाखोंनी खपल्या.